होळी ते पहिला पाऊस: साईडकारच्या शेवटच्या राईड कशा करायच्या

मार्च लागला की साईडकारवाल्यांची, म्हणजे बाईकच्या बाजूला तिसऱ्या चाकावरची बसायची पेटी जोडलेल्यांची, घाई सुरू होते. आता ऊन तापणार, मग जूनमध्ये पाऊस, त्याआधी घरच्यांना घेऊन एक-दोन मस्त राईड करून घेऊ असं सगळ्यांनाच वाटतं आणि ते बरोबरच आहे, पण मग सगळं उलट्या क्रमाने केलं जातं. आधी आईला किंवा पोरांना साईडकारमध्ये बसवतात, मग हायवेला लागल्यावर कळतं की गाडी डावीकडे ओढतेय, मग घाटात ब्रेक तापतात, आणि जूनमध्ये तीच गाडी धुळीसकट कव्हरखाली चार महिने पडून राहते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका, एवढंच मनापासून सांगणं आहे, कारण यातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीच्या सेफ्टीसाठी आहे.

इथे गृहीत धरलंय की तुमची गाडी बुलेट किंवा तशीच आहे, साईडकार डावीकडे आहे आणि साईडकारच्या चाकाला स्वतःचा ब्रेक नाही. बाहेरच्या देशात कुणाकडे उरल (साईडकारसकट येणारी रशियन बाईक) वगैरे असेल आणि साईडकार उजव्या बाजूला असेल तर वळणांबद्दलचं सगळं डावं-उजवं अदलाबदल करून वाचा.

1. कागद आधी

हे पटकन उरकू. साईडकार लावणं म्हणजे गाडीत बदल करणं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल आरटीओकडून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. इन्शुरन्स कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण होते. हेल्मेटबाबत अजून खूप जणांचा गैरसमज आहे की साईडकारमधल्या माणसाला हेल्मेट लागत नाही. पूर्वी कायद्यात तशी सूट होती, 2019 च्या दुरुस्तीनंतर नाही, आता 4 वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवंच. आणि कायद्याचं सोडा, साईडकारमधलं डोकं ट्रकच्या चाकाच्या उंचीवर असतं हे लक्षात ठेवा.

2. नट-बोल्ट, स्पोक, कोनसेट

साधी बाईक वळताना कलते त्यामुळे चाकांवर आडवा जोर फारसा येत नाही. साईडकारवाली गाडी कलतच नाही, म्हणजे प्रत्येक वळणावर तो आडवा जोर स्पोक, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश आणि साईडकारचे जॉइंट खातात. त्यामुळे नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये मेकॅनिक जे बघत नाही ते तुम्हाला बघायचंय.

आधी साईडकार जिथे जिथे गाडीला जोडलीय ते सगळे जॉइंट. चार ठिकाणी जोडलेली असेल तर उत्तम, दोन खाली आणि दोन वर. तीनच असतील तर जास्त बारकाईने बघा. प्रत्येक नट पान्याने घट्ट करा, चेकनट (पहिला नट सुटू नये म्हणून त्यावर लावलेला दुसरा नट) असेल तर तोही, आणि मग घरातली लाल नेलपॉलिश घेऊन नटावरून शेजारच्या पट्टीवर जाईल अशी एक सरळ रेघ ओढा. पुढच्या प्रत्येक राईडच्या आधी फक्त वाकून त्या रेघा बघायच्या, रेघ तुटलेली किंवा सरकलेली दिसली म्हणजे नट फिरलाय. पाना न काढता मिनिटाभरात चेकिंग होतं. वेल्डिंगच्या जागी रंगाला बारीक चीर किंवा तांबूस गंजाची रेघ दिसली तर राईड विसरा आणि गाडी थेट वेल्डरकडे न्या.

मग स्पोक. लहान पाना घेऊन एकेक स्पोक वाजवत चाक फिरवा. घट्ट स्पोक टण्ण वाजतो, ढिला स्पोक बद्द वाजतो, कान लगेच फरक ओळखतो. मागच्या चाकाचे स्पोक सगळ्यात आधी ढिले होतात. दोन-तीन बद्द वाजले तर स्वतः आवळत बसू नका, चाक आऊट होईल, रिमवाल्याकडून ट्रू म्हणजे सरळ करून घ्या.

कोनसेट म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग. तो बघायला पुढचं चाक उचला आणि फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. खटखट झाली की कोनसेट ढिला. हे महत्त्वाचं आहे कारण साईडकारवाल्या गाड्यांचं हँडल 20-30 च्या स्पीडला थरथरतं, आणि बरेच जण त्यासाठी थेट स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर दाबणारा शॉकअप) विकत घ्यायला जातात. डॅम्परचा उपयोग होतोच, पण ढिल्या कोनसेटवर डॅम्पर बसवला तर रोग आतच राहतो.

हवा थंड टायरमध्ये भरा. मागच्या टायरला कंपनीने डबलसीटसाठी दिलेला आकडा धरा, पुढच्याला सोलोपेक्षा थोडी जास्त चालते. टायर मध्ये सपाट झालेला असेल तर दचकू नका, गाडी कलत नाही म्हणून तो तसाच झिजणार, पण मधली नक्षी गेली असेल तर बदला.

तपासा: ऑईल लेव्हल, क्लच केबल, मागचा ब्रेक, चेन. साईडकारचं वजन ओढायला पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) सोलोपेक्षा एक-दोन दात कमीचं आहे ना हेही एकदा मेकॅनिकला विचारा. नसेल तर घाटात क्लच जळणारच.

3. अलाइनमेंट

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक नजरेने बघतात, सरळ दिसतंय म्हणतात आणि निघतात. पण ही गाडी मुळात सरळ लावायचीच नसते, थोडी तिरकी लावायची असते, आणि तो तिरकेपणा मोजून द्यायचा असतो.

सपाट फरशी किंवा काँक्रीट शोधा, सोसायटीचं पार्किंग चालतं. तुमच्या वजनाचा कुणीतरी सीटवर बसवा आणि साईडकारमध्ये नेहमी असतं तेवढं वजन ठेवा. रिकाम्या गाडीचं माप घेऊन काही उपयोग नाही, कारण शॉकअप बसले की सगळं बदलतं. दोन सरळ अॅल्युमिनियमचे चॅनेल घ्या, खिडक्या बनवणाऱ्याकडे मिळतात. एक बाईकच्या दोन्ही टायरांना लावून ठेवा, मागचा टायर रुंद असतो म्हणून पुढच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेपाशी सारखी फट राहील असं हँडल सरळ धरा. दुसरा चॅनेल साईडकारच्या टायरला लावा. आता दोन चॅनेलमधलं अंतर बाईकच्या मागच्या आसापाशी मोजा आणि पुढच्या आसापाशी मोजा. पुढचं अंतर 10 ते 20 मिलिमीटर कमी आलं पाहिजे, म्हणजे साईडकारचं चाक किंचित आत बघतंय. याला टो-इन म्हणतात.

मग बाईकचा कल. गवंड्याचा ओळंबा आणा आणि तो बाईकच्या मागे धरून बघा. बाईक उभी सरळ नको, साईडकारपासून लांब म्हणजे उजवीकडे साधारण 1 ते 2 अंश झुकलेली हवी. आपल्या रस्त्यांना डाव्या कडेला उतार असतो, गाडी त्या उताराकडे जायला बघते, हा कल तिला सावरतो.

तिसरं माप म्हणजे साईडकारचं चाक बाईकच्या मागच्या चाकापेक्षा किती पुढे आहे. साधारण 15 ते 25 सेंटिमीटर. हे फ्रेम बनवतानाच ठरतं, तुम्ही सहसा बदलू शकत नाही, पण चाक मागच्या आसाच्या अगदी रेषेत असेल तर उजव्या वळणाला गाडी साईडकारच्या नाकावर लवकर झुकते, तेव्हा माहीत असलेलं बरं.

आता 50 च्या स्पीडला सरळ मोकळ्या रस्त्यावर चालवून बघा. डावीकडे ओढत असेल तर बाईकचा कल थोडा उजवीकडे वाढवा, उजवीकडे ओढत असेल तर कमी करा.

सावधान: एका वेळी एकच गोष्ट बदला. टो-इन आणि कल दोन्ही एकदम हलवले की कशाने काय झालं ते कळत नाही. आणि टो-इन उगाच वाढवत नेऊ नका, साईडकारचा टायर घासून काही दिवसांत संपतो, टायरवरून हात फिरवला की एका दिशेने करवतीसारखी धार लागते.

4. रिकाम्या मैदानात, माणसाऐवजी वाळू

ज्यांनी आयुष्यभर बुलेट चालवलीय त्यांना ही पायरी कमीपणाची वाटते आणि नेमके तेच पहिल्या डाव्या वळणाला गडबडतात. बाईकला आपण हँडल उलटं दाबून कलवतो, हे अंगात इतकं भिनलेलं असतं की आपण तसं करतो हेसुद्धा कळत नाही. इथे हँडल ज्या बाजूला वळवाल त्याच बाजूला गाडी जाते. डोक्याला समजतं पण हातांना वेळ लागतो, आणि तो वेळ मैदानात द्यायचा, रस्त्यावर नाही.

साईडकारच्या तळाशी 40 ते 50 किलो वाळू ठेवा, घट्ट बांधून, चाकाच्या जवळ. पाण्याचे कॅन ठेवायचे असतील तर काठोकाठ भरलेले, अर्धवट कॅनमधलं पाणी वळणाला नेमकं चुकीच्या बाजूला जातं. मग या क्रमाने:

आधी उजवीकडे गोल फिरा. साईडकार बाहेरच्या बाजूला असते, गाडी दबून चालते, भीती वाटत नाही. मग डावीकडे गोल, आधी चालण्याच्या स्पीडने आणि मग थोडं थोडं वाढवत. एका ठिकाणी साईडकारचं चाक हलकं झाल्यासारखं वाटेल आणि मग उचलेल. हा क्षण तुम्हाला ओळखता यायला हवा. चाक उचललं की घाबरून ब्रेक दाबू नका, थ्रॉटल हळू कमी करा, हँडल किंचित उजवीकडे सोडा, अंग डावीकडे साईडकारवर टाका, चाक खाली येतं. हे होईपर्यंत परत परत करा. मग वाळू काढून तेच करा आणि बघा चाक किती लवकर उचलतं, म्हणजे रिकामी साईडकार घेऊन का फिरू नये ते अंगालाच समजेल.

मग सरळ रेषेत थ्रॉटल आणि ब्रेक. थ्रॉटल दिला की गाडी डावीकडे खेचते, कारण साईडकारला स्वतःची ताकद नाही, ती मागे राहते. ब्रेक दाबला की उजवीकडे जाते, कारण साईडकार थांबायला तयार नसते. आपल्याकडे उजवी बाजू म्हणजे समोरून येणारी गाडी. म्हणून डाव्या वळणात मध्येच दाबलेला ब्रेक ही साईडकारवरची सगळ्यात धोकादायक सवय आहे.

सावधान: सिग्नलला थांबताना डावा पाय खाली टाकायचा नाही, कधीच नाही. गाडी पडणार नाहीये. पाय फूटरेस्ट आणि साईडकारच्या फ्रेममध्ये अडकतो आणि गाडी पुढे सरकली की मोडतो. दोन्ही पाय वर ठेवून थांबायची सवय मैदानातच लावून घ्या.

5. कुठे आणि किती वाजता

सीझन प्रत्येकाकडे वेगळा संपतो. विदर्भ-मराठवाड्यात मार्चच्या शेवटीच दुपार नकोशी होते, पुणे-सातारा-कोल्हापूरकडे एप्रिलमध्येही सकाळी छान असतं, कोकणात ऊन कमी पण घाम जास्त. कुठेही असा, उजाडताना निघायचं आणि साडेदहाच्या आत सावलीत पोचायचं. साईडकारमधला माणूस डांबराच्या इतका जवळ असतो की तुम्हाला वाऱ्यामुळे बरं वाटत असताना त्याला खालून झळा लागत असतात.

पहिली राईड सपाट आणि 50-60 किलोमीटरच्या आतली ठेवा. पुण्याहून खडकवासला-पानशेतची बाजू चांगली आहे, थोडं लांब जायचं तर भिगवण, उजनीच्या पाण्यावर मार्चमध्ये रोहित पक्षी बऱ्याचदा असतात आणि वाटेत घाट नाही. फक्त सोलापूर हायवेवर डाव्या लेनमध्ये 60 च्या आसपास आरामात चालायचं, ट्रकशी शर्यत नको. सिंहगडाचा घाट पहिल्या राईडला नकोच, चढ उभा आणि वळणं आवळलेली. वरंधही अरुंद. ताम्हिणी सुंदर आहे पण हात बसल्यावर, आणि शनिवार-रविवार सोडून.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, वांद्रे-वरळी सी लिंक आणि अटल सेतूवर दुचाकीलाही बंदी आहे आणि तीनचाकीलाही, त्यामुळे तिसरं चाक दाखवून वाद घालू नका. मॅप लावताना बाईकचा मोड लावा.

या दिवसांत ऊसपट्ट्यात पहाटे अंधारात निघणार असाल तर उसाच्या ट्रॉल्या सांभाळा, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाईट नसतो आणि रस्त्यात पडलेले ऊस तीनपैकी एका चाकाखाली येतातच. चैत्रात गावोगावच्या जत्रा असतात, रूटवर कुठल्या गावाची जत्रा आहे का ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, नाहीतर गर्दीत क्लच दाबून दाबून हात जातो.

6. आता माणूस बसवा

एवढं झाल्यावर, आत्ता. बसणाऱ्याला आधी उभ्या गाडीत बसवा, पाय कुठे ठेवायचे, धरायचं कुठे ते दाखवा. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, हेल्मेट आणि काच. बाहेर हात काढायचा नाही, ओढणी-पदर-दुपट्टा आत खोचलेला, कारण शेजारी दोन चाकं फिरतायत. खुणा ठरवा: तुमच्या गुडघ्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. हेल्मेटमध्ये ओरडून काही ऐकू जात नाही.

वयस्कर माणूस असेल तर चढण्या-उतरण्यासाठी छोटं स्टूल सोबत घ्या, खूप फरक पडतो. आई-वडील "मला काही होत नाही" म्हणतात आणि कंबर धरून उतरतात, त्यामुळे त्यांनी न सांगताच दर 20-25 किलोमीटरला थांबा आणि पाणी प्यायला लावा. पाठीमागे उशी द्या. कुत्रा नेणार असाल तर छातीच्या हार्नेसला बांधा, गळ्यातल्या पट्ट्याला नाही.

तपासा: माणूस बसल्यावर सोसायटीतल्या सोसायटीत एक चक्कर मारा. आता साईडकारमध्ये वाळूपेक्षा जास्त वजन आहे आणि ते हलतंय, गाडी वेगळी लागेल.

7. रस्त्यावर

डावं वळण: वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच स्पीड आणि गिअर कमी करा, अंग डावीकडे टाका आणि वळणात हलका थ्रॉटल धरून ठेवा, गाडी स्वतःच डावीकडे खेचते तिचा फायदा घ्या. उजवं वळण: थ्रॉटल सोडत वळा, पण फार जोरात नको, खूप स्पीडला जोरात ब्रेक मारला तर मागचं चाक हलकं होऊन गाडी साईडकारच्या नाकावर झुकते.

खड्डे बाईकसारखे चुकवता येत नाहीत. तुमच्या तीन चाकांच्या तीन नाही, खरं तर दोन वाटा आहेत, बाईकची एक आणि साईडकारची एक. मोठा खड्डा दोघांच्या मधून जाऊ द्या, ते जमणार नसेल तर स्पीड कमी करून सरळ त्यातून न्या, ऐनवेळी हँडल मारू नका. रुंदी विसरणं ही रोजची चूक आहे, डिव्हायडर, फुटपाथची कड, भाजीवाल्याची पाटी, सगळं डाव्या बाजूलाच असतं.

घाट चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे, अर्धा क्लच धरून रेंगाळू नका. क्लच जळका वास आला की सावलीत 15-20 मिनिटं थांबा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून विनंती आहे, एवढं वजन नुसत्या ब्रेकवर सोडू नका, ड्रम तापला की ब्रेक लागतच नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. पहिल्या सरीत धूळ आणि ऑईल मिळून रस्त्यावर जो चिकट थर होतो त्यावर पुढचं चाक लॉक झालं तर गाडी पडत नाही पण वळतही नाही, सरळ जाते. सर आली की थांबा, पण झाडाखाली किंवा होर्डिंगखाली नको, पक्क्या छताखाली.

पार्किंग करताना तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा. रिव्हर्स गिअर नाही आणि भरलेली गाडी उतारावरून मागे ढकलायला दोन-तीन माणसं लागतात. पहिल्या गिअरमध्ये लावा, चाकाखाली दगड.

8. पावसाआधी ठेवणं

हे मेच्या शेवटच्या आठवड्यात करा, पहिला पाऊस पडल्यावर नाही.

शेवटच्या राईडनंतर इंजिन कोमट असतानाच ऑईल बदला, जुन्या ऑईलमधली घाण चार महिने आत बसू देऊ नका. गाडी धुवा, साईडकारच्या तळातून खालूनही, आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. सीट, मॅट, उशी बाहेर काढून घरात ठेवा, आत ठेवलं तर बुरशी येणारच. तळाला पाणी जायचं भोक असतं ते तारेने मोकळं करा, ते मातीने बुजलेलं असतं आणि पत्रा तिथूनच सडतो. फ्रेमच्या पाईपची तोंडं, जॉइंटचे आटे, साईडकारच्या चाकाचा आस, सगळ्यांना ग्रीस.

पेट्रोल: हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. पत्र्याची टाकी काठोकाठ भरून ठेवा म्हणजे आत हवा कमी आणि गंज कमी. कार्ब (कार्बोरेटर) असलेली गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब रिकामा करा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये त्यातले जेट (पेट्रोलची बारीक भोकं) चोंदलेले मिळतील.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, महिन्यातून एकदा चार्ज करा. तिन्ही चाकांत हवा थोडी जास्त भरा आणि चाकं फळीवर घ्या. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, उंदीर आत घर करतात, आणि किल्लीला लाल रिबन बांधा म्हणजे फडकं काढायची आठवण राहील. कव्हर नुसतं प्लास्टिकचं नको, आतून ओल धरतं, आधी जुनी चादर आणि वरून कव्हर, खालून हवा जाईल असं.

काही जण पावसाळ्यात साईडकार सोडवून बाईक एकटी चालवतात. तसं करणार असाल तर आधी प्रत्येक जॉइंटच्या आट्यांचं माप लिहून ठेवा आणि फोटो काढा, आणि सपाट झालेला टायर बदला, त्या टायरवर ओल्या रस्त्यात बाईक कलवणं धोक्याचं आहे. परत जोडलीत की तिसऱ्या पायरीपासून सगळं पुन्हा, मापं लिहिलेली असली तरी.